फसविणाऱ्याचें भांडवल

(सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीनिमित्त ३ जानेवारी रोजीं गांवच्या शाळेंत पालकांच्या सभेपुढें झालेलें व्याख्यान.)



आज सावित्रीबाईंची जयंती. नायगांवीं ३ जानेवारी १८३१ रोजीं ही माउली जन्मली. दरवर्षीं आपण तिच्या तसबिरीला हार घालतों, लहान मुली लुगडें नेसून सावित्रीबाई होतात, दोन भाषणें होतात आणि खाऊ घेऊन सगळे घरीं जातात. यंदा आम्हीं ठरविलें कीं, या माउलीनें व जोतीरावांनीं केलेल्या एका अवघड कामाविषयीं बोलावें. त्यांनीं शाळा काढली हें सर्वांस ठाऊक आहे. फसलेल्या बाईसाठीं त्यांनीं आपल्या घराचें दार उघडलें, ही गोष्ट मात्र आपण सांगत नाहीं. तो विषय निघाला कीं बाया तोंडाला पदर लावतात आणि पुरुष तंबाखू मळूं लागतात.

परंतु ज्या विषयावर सगळे गप्प बसतात, त्याच विषयावर लबाडाचा धंदा चालतो. आमच्या शाळेंतून शिकून गेलेल्या मुली आज एस.टी.नें तालुक्याला जातात, कॉलेजांत बसतात, दुकानांत व कारखान्यांत कामाला लागतात. त्यांना बेरीज-वजाबाकी शिकवायची, पण गोड बोलून गळ टाकणारा पुरुष कसा ओळखावा हें शिकवायचें नाहीं, ही अर्धी शाळा झाली. म्हणून आज उघड बोलतों. कोणा एका घराकडे बोट दाखविण्यासाठीं हें बोलणें नाहीं, हें आधींच सांगून ठेवतों.

आतां १८६३ सालीं पुण्यांत घडलेली हकीकत ऐका. बेहरामजी मलबारी यांनीं बालविवाह आणि सक्तीचें वैधव्य यांवर टिपणें लिहिलीं होतीं. त्यांवर जोतीरावांनीं ४ डिसेंबर १८८४ रोजीं जो अभिप्राय दिला, त्यांत त्यांनीं ही हकीकत लिहून ठेविली आहे. त्यांचे एक स्नेही गोवंडे म्हणून होते. गोवंड्यांच्या घरीं काशीबाई नांवाची एक तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. अब्रूदार घरची, पण गरीब. शेजारीं एक शास्त्री राहत असे. बुद्धीनें चलाख आणि कावेबाज. त्यानें या भोळ्या बाईला नादीं लावण्याचा चंग बांधला. आरंभीं तिनें त्याला दाद दिली नाहीं. पण तो मागें लागला तो लागलाच. शेवटीं ती फसली आणि तिला दिवस गेले. मग त्याच्याच सांगण्यावरून तिनें पोट पाडण्यासाठीं नाना विषारी औषधें घेतलीं. एकही लागू पडलें नाहीं. नऊ महिने भरले आणि मुलगा झाला. आतां लोक काय म्हणतील, या एका भीतीपायीं तिनें त्या अर्भकाचा जीव घेतला आणि प्रेत धन्याच्या घरामागच्या विहिरींत टाकलें. दोन दिवसांत पोलिसांनीं तिला धरलें. पुण्याच्या सेशन कोर्टांत खटला झाला आणि तिला जन्मभर काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

मायबापहो, शास्त्र्याचें काय झालें? जोतीरावांच्या त्या अभिप्रायांत त्याचें नांवदेखील नाहीं. मूल मेलें, आई काळ्या पाण्यावर गेली, आणि ज्यानें हें सारें घडविलें तो शिक्षेच्या या हिशेबांत कोठेंच दिसत नाहीं.

या हकीकतींतल्या दोन गोष्टी पदराला गांठ मारून ठेवा. पहिली ही कीं, काशीबाईनें आरंभीं नाहीं म्हटलें होतें. लोक म्हणतात, "मुलगी नीट असती तर फसली नसती." काशीबाई नीट होती, तो थांबला नाहीं. दुसरी ही कीं, पोटांतल्या जिवाला विष घालण्याची मसलतही त्याचीच. म्हणजे आधीं पाप त्याचें, मग तें झांकण्याची युक्तीही त्याचीच; आणि दोन्ही वेळां जिवावरचा खेळ मात्र तिचा.

हें पाहून जोतीरावांनीं काय केलें? त्यांनीं त्या बाईवर प्रवचन केलें नाहीं. खर्च झेपण्याजोगी स्थिति नसतांनाही खटला संपतांच त्यांनीं आपल्याच वाड्यांत बालहत्याप्रतिबंधक गृह काढलें. पुण्यांत जेथें ब्राह्मण लोक राहत, तेथें गल्लीच्या कोपऱ्या-कोपऱ्यांवर छापील जाहिराती चिकटविल्या. मतलब एवढाच, कीं अडलेल्या विधवेनें येथें यावें, गुपचूप व सुखरूप बाळंत व्हावें, मूल न्यावें किंवा ठेवावें; ठेवलें तर त्याचा सांभाळ येथें होईल. विचार करा. त्यांच्याच शेजारच्या लोकांनीं ज्यांना वाळीत टाकलें असतें, त्या बायांचीं बाळंतपणें सावित्रीबाईंनीं आपल्या घरीं केलीं.

आतां एक आंकडा ऐका. १८८४ पर्यंत या घरांत ३५ गरोदर विधवा येऊन बाळंत झाल्या. त्यांतलीं फक्त ५ मुलें जगलीं. ३० मुलें दगावलीं. कां? पोटांत असतांनाच त्यांच्यावर विषारी औषधांचे आघात झाले होते. म्हणजे दार उघडें होतें, जाहिरात भिंतीवर होती, तरीही त्या बाया आधीं विष घेऊन, उशिरां आल्या. एवढी अब्रूची भीति जबर असते. दार नुसतें उघडें असून भागत नाहीं. तें उघडें आहे हें मुलीला संकटाच्या आधींपासून ठाऊक असावें लागतें.

आणि दार वेळेवर सांपडलें तर काय होतें, तेंही पाहा. १८७४ सालीं अशाच एका विधवेच्या मुलाला जोतीराव-सावित्रीबाईंनीं दत्तक घेतलें. तो यशवंत. तो शिकून डॉक्टर झाला. १८९७ सालीं पुण्यांत प्लेग आला तेव्हां त्यानें रोग्यांसाठीं दवाखाना चालविला. सावित्रीबाई स्वतः रोगी उचलून तेथें आणीत. त्यांतच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजीं त्या गेल्या. ज्या मुलाला लोक विहिरींत टाकते, तोच लोकांच्या उपयोगी पडला.

अशीच दुसरी हकीकत सुरतेची. १८८१ सालीं विजयालक्ष्मी नांवाच्या तरुण विधवेला, अनैतिक संबंधांतून झालेल्या मुलाला मारल्याबद्दल फांशीची शिक्षा झाली. पुढें वरिष्ठ कोर्टांत ती कमी करण्यांत आली. तेव्हां वर्तमानपत्रांतून बायकांच्या जातीवरच टीका सुरू झाली. त्याला जबाब दिला बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं. १८८२ सालीं त्यांनीं 'स्त्रीपुरुष तुलना' हें पुस्तक छापलें. त्यांचा सवाल सरळ होता, कीं जे दोष तुम्ही बाईच्या माथीं मारतां, ते पुरुषांत नाहींत काय? या पुस्तकाबद्दल त्यांना फार बोल लागले. जोतीराव त्यांच्या पाठीशीं उभे राहिले.

कोणी म्हणेल, मास्तर, ही दीडशें वर्षांपूर्वींची, विधवांची आणि दुसऱ्या जातीची गोष्ट. आमच्या घरीं तिचें काय काम? आम्ही म्हणतों, त्या शास्त्र्याची विद्या कोणा एका जातीची नाहीं. आज ती सगळ्या जातींच्या टग्यांना येते आणि तिला बळी पडणाऱ्या मुलीही शेतकऱ्याच्या, माळ्याच्या, सुताराच्या, साळ्याच्या, सगळ्यांच्या घरांत आहेत. फरक एवढाच कीं शास्त्री शेजारीं राहत होता. आजचा शास्त्री मोबाईलमधून थेट मुलीच्या उशाशीं येतो.

ही विद्या कशी चालते, तें आम्ही आपल्या रोजच्या व्यवहारांतून सांगतों. आपल्या आजा-पणजांनीं सावकार पाहिला आहे. सावकार पहिल्या दिवशीं कधीं दरडावीत नसे. तो ओटीवर बसवी, चहा पाजी, "पाटील, पैशाची काय काळजी करतां?" म्हणे. मग कोऱ्या कागदावर अंगठा घेई. आणि एकदां अंगठा उठला कीं बोलण्याची तऱ्हा बदले. फसविणाऱ्या पुरुषाचें वागणें असेंच असतें.

पहिलें, तो गरजू गिऱ्हाईक हेरतो. जिचें घरीं कोणी ऐकून घेत नाहीं, जिला भावाशीं तोलून रोज खालीं पाडतात, जिची आई वारली आहे, जिचा बाप दारूंत आहे, किंवा जिला नुकतें अपयश आलें आहे, अशी मुलगी त्याला बरोबर दिसते. घरांत ज्या मुलीला महिनाभर कोणी "तूं चांगलें केलेंस" म्हटलें नाहीं, तिला तें वाक्य बाहेर कोणी म्हटलें कीं अमृत वाटतें. यांत मुलीचा दोष काय?

दुसरें, तो फार घाई करितो. चार दिवसांच्या ओळखींत "तुझ्यावांचून जगणार नाहीं" म्हणतो. बैल घ्यायचा तर आपण दांत पाहतों, चालवून पाहतों, नांगराला जुंपून पाहतों. मडकें घेतांना बोटानें वाजवितों. जो वाजवूं देत नाहीं, "आतांच घे, नाहींतर चाललों" म्हणतो, त्याच्या मडक्याला चीर असते हें आपल्या बायांना ठाऊक आहे.

तिसरें, तो गुपित मागतो. "आपलें कोणाला सांगूं नकोस, लोक जळतात." हें वाक्य ऐकलें कीं मुलींनीं कान टवकारावेत. खऱ्या माणसालाही संकोच असतो, तोही लगेच गांवभर दवंडी पिटीत नाहीं. पण तो मुलीला तिच्या बहिणीपासून, जिवाच्या मैत्रिणीपासून लपायला लावीत नाहीं.

चौथें, तो दावें आंखूड करीत जातो. आज म्हणतो ती मैत्रीण वाईट. उद्यां म्हणतो भावाशीं इतकें कशाला बोलतेस. परवां म्हणतो तुझ्या फोनची खूण मला दे. न ऐकलें तर अबोला, मग रडून माफी, मग पुन्हां संशय. मुलगी दिवसभर त्याचा राग कसा जाईल याचाच विचार करीत बसते आणि यालाच प्रेम समजते. गाईला जसें कळत नाहीं कीं दावें रोज चार बोटें कमी होत आहे, तसें होतें.

पांचवें, तो अंगठा घेतो. म्हणजे असें कांहींतरी घेतो जें पुढें दाखवितां येईल. एखादें चित्र, एखादी चिठ्ठी, दागिना, घरांतले पैसे, किंवा लग्नाचें वचन देऊन तिचें शरीर. मग सावकाराचा सूर बदलतो. "सांगूं का तुझ्या बापाला? टाकूं का गांवाच्या गटावर?"

आतां खरा प्रश्न विचारतों. सावकाराच्या कागदाला किंमत कशामुळें होती? कोर्ट तो कागद खरा मानी म्हणून. मग या लबाडाच्या कागदाला किंमत कोण देतें? मायबापहो, ती आपण देतों. त्यानें "तुझ्या बापाला सांगतों" म्हटल्यावर मुलगी भिते, कारण बाप काय करील हें तिला पक्कें ठाऊक असतें. त्याचें सारें भांडवल आपल्या घरांतल्या भीतीचें आहे. तें त्याला आपण बिनव्याजी पुरवितों. ज्या मुलीला खात्री आहे कीं "मी बाबांना सांगितलें तर ते आधीं मला जवळ घेतील आणि मग त्याच्याकडे पाहतील," तिच्यापुढें तो कागद कवडीमोलाचा होतो.

आज आपल्याकडे काय होतें? मुलीचें कांहीं कळलें कीं पहिला दिवस मारण्यांत जातो, दुसऱ्या दिवशीं दप्तर माळ्यावर जातें, आणि तिसऱ्या आठवड्यांत पाहुणे बघायला येतात. आईला आधीं कळलें तर ती बापापासून लपविते, कारण तीही त्याच भीतींत वाढलेली. हें करून आपण अब्रू राखली असें आपणांस वाटतें. होतें काय? शेजारच्या दहा घरांतल्या मुली हें पाहतात आणि मनांत ठरवितात कीं, आपल्यावर असा प्रसंग आला तर मरूं, पण घरीं सांगणार नाहीं. म्हणजे एका मुलीला मारून आपण दहा मुलींचीं तोंडें शिवतों आणि लबाडाला दहा नवीं गिऱ्हाइकें तयार करून देतों. शिवाय १८ वर्षांच्या आंत मुलीचें लग्न उरकणें हा २००६ च्या कायद्यानें गुन्हा आहे. लावून देणारे आईबाप, लावणारा भटजी, सगळे त्यांत सांपडतात. एक लाखापर्यंत दंड, आणि आई सोडून इतरांस दोन वर्षांपर्यंत कैदही होऊं शकते. आणि ज्या घरीं ती जाते, तेथें तोच लबाड पुन्हां तोच कागद घेऊन दारांत उभा राहिला, तर ती कोणाला सांगणार?

येथें दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहींतर अर्धवट न्याय होईल. प्रत्येक प्रेम फसवणूक नसतें. आणि मुलगा परजातीचा आहे एवढ्यानें तो लबाड ठरत नाहीं, किंवा आपल्या जातीचा आहे एवढ्यानें साव ठरत नाहीं. सावित्रीबाईंनीं २९ ऑगस्ट १८६८ रोजीं नायगांवाहून जोतीरावांना लिहिलेलें पत्र प्रसिद्ध आहे. गणेश नांवाचा ब्राह्मण तरुण गांवोगांव पंचांग सांगत फिरे. त्याचें आणि महार समाजांतल्या शारजेचें प्रेम जमलें व तिला सहा महिने गेले. गांवकरी दोघांना मारायला निघाले. सावित्रीबाई धांवत गेल्या, सरकारी कायद्याचा धाक घालून त्यांनीं दोघांचे जीव वांचविले आणि दोघांनाही जोतीरावांकडे पाठवून दिलें.

काशीबाईचा शास्त्री आणि शारजेचा गणेश, दोघेही ब्राह्मण. पण गणेश शारजेबरोबर त्या जमावांत होता. शास्त्री काशीबाईच्या वेळीं कोठें होता? कसोटी ही आहे, मायबापहो. सोनें कोणत्या गांवचें हें सोनार विचारीत नाहीं. तो कसावर घांसून पाहतो. माणसाची जात विचारण्यापेक्षां हें विचारा: तो मुलीच्या शिक्षणाला आडवा येतो कीं पुढें ढकलतो? तिच्या "नाहीं"ला मान देतो कीं रुसतो? आईबापांपुढें, चार लोकांपुढें यायला तयार आहे कीं पळ काढतो? सत्यशोधक पद्धतीच्या लग्नांत जोतीरावांनीं वधूनें वराला सर्वांसमक्ष विचारावें आणि वरानें सर्वांसमक्ष वचन द्यावें अशी रीत घातली, ती उगीच नव्हे. जें वचन चार माणसांत देतां येत नाहीं, तें अंधारांत घेऊं नये. मुलगा चांगला निघाला आणि दोघें सज्ञान असलीं, तर केवळ जातीपायीं त्याच्यावर खोटी फिर्याद करणें हाही अन्यायच आहे. कायद्याची काठी लबाडासाठीं आहे. जातीचा राग काढण्यासाठीं नाहीं.

काशीबाईच्या वेळीं कायदा फक्त तिच्यावर पडला. आज तसें नाहीं, म्हणून कायद्याच्या चार गोष्टी सांगतों. घरीं गेल्यावर विसरूं नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या ६९ व्या कलमाप्रमाणें, लग्न करण्याचा मुळींच इरादा नसतांना लग्नाचें वचन देऊन, किंवा खरी ओळख लपवून, किंवा नोकरीचें खोटें आमिष दाखवून बाईशीं शरीरसंबंध ठेवणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कैद व दंड होऊं शकतो. मात्र वचन प्रामाणिकपणें दिलें आणि पुढें मोडलें, तर तो हा गुन्हा नव्हे. आरंभापासून फसविण्याचा हेतु होता हें पाहिलें जातें. मुलगी १८ वर्षांच्या आंतली असेल तर तिची संमति कायदा मोजीतच नाहीं. तेथें २०१२ चा पॉक्सो कायदा लागतो. आणि असा गुन्हा ज्याला कळला त्यानें तो कळविलाच पाहिजे. त्यांत आम्ही मास्तर लोकही आलों.

चित्राची धमकी देणाऱ्याविषयीं ७७ वें कलम पाहा. एकांतांतलें चित्र काढतांना मुलीनें हो म्हटलें असलें, तरी तें दुसऱ्याला दाखविण्यास तिची संमति नसेल तर तें दाखविणें गुन्हा आहे. आणि ज्या अब्रूला आपण इतकें भितों तिची काळजी कायद्यानेंही केली आहे: ६९ व्या कलमाच्या गुन्ह्यांत पीडित मुलीचें नांव छापणें वा उघड करणें हाच ७२ व्या कलमाप्रमाणें गुन्हा आहे. फिर्याद कोणत्याही ठाण्यांत देतां येते, "आमच्या हद्दींत नाहीं" म्हणून परत पाठवितां येत नाहीं. आणि ती स्त्री-अधिकाऱ्यानें लिहून घ्यायची असते. १८ वर्षांच्या आंतल्या मुलांसाठीं १०९८, बायकांसाठीं १८१, तांतडीसाठीं ११२, आणि मोबाईलवरच्या फसवणुकीसाठीं १९३० हे आंकडे चुलीजवळच्या भिंतीवर कोळशानें लिहून ठेवा.

दिवस गेले असतील, तर गांवठी औषध, झाडपाला, कोणाच्या पुडींतल्या गोळ्या, यांच्या वाटेला जाऊं नका. त्या ३० मुलांची आठवण ठेवा. त्या विषानें आईही जाते. सरकारी दवाखान्यांत डॉक्टरांकडे जा. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टराच्या मतानें गर्भपात कायदेशीर आहे. त्यापुढें २४ आठवड्यांपर्यंत कांहीं ठराविक प्रसंगीं दोन डॉक्टरांच्या मतानें तो करितां येतो. २०२१ च्या दुरुस्तीपासून अविवाहित मुलीलाही वाट मोकळी आहे. सज्ञान बाईला नवऱ्याची वा बापाची परवानगी लागत नाहीं. १८ च्या आंतलीला पालकाची लेखी संमति लागते. डॉक्टरानें नांव गुप्त ठेवावें असें कायदा सांगतो. आणि मूल झालें, सांभाळणें शक्य नसलें, तर जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे तें रीतसर सोंपवितां येतें. आईला फेरविचारासाठीं दोन महिन्यांची मुदत असते. जोतीरावांनीं भिंतीवर चिकटविलेली जाहिरात आज कायद्यांत उतरली आहे. ती मुलींना वाचून दाखविणें मात्र अजून आपल्याच हातीं आहे.

आतां घरांत काय करावें? मुलीनें तोंड उघडलें कीं पहिलें वाक्य तुमच्या तोंडून हें निघालें पाहिजे: "पोरी, तूं सांगितलेंस हें बरें केलेंस." बाकीचें सगळें नंतर. फोन आपटून फोडूं नका. त्यांतल्या मजकुरांतच त्याच्याविरुद्धचा पुरावा आहे. काठ्या घेऊन त्याच्या दारीं जाऊं नका. त्यानें मुलीचें नांव गांवभर होतें, दोन भावक्या भिडतात, आणि मूळ लबाड बाजूला राहतो. शाळा-कॉलेज बंद करूं नका. तें बंद केलें म्हणजे त्याचें काम तुम्ही पूर्ण केलें. आईला बोलायला अवघड वाटत असेल, तर मावशी, आत्या, अंगणवाडीच्या ताई, आशाताई, शाळेंतल्या बाई, कोणीतरी एक बाई अशी ठरवा कीं जिच्याकडे मुलगी केव्हांही जाईल. जिल्ह्याच्या ठिकाणीं सखी केंद्र आहे; तेथें दवाखाना, पोलीस, वकील यांची मदत एका जागीं मिळते.

आणि मुलगे असलेल्या मायबापांना एक शब्द. आपला पोरगा दहा जणींना फिरवितो म्हणून पारावर मिशीवर ताव देणारे बाप आम्हीं पाहिले आहेत. तो शास्त्री असाच कोणाच्या तरी घरांत वाढला असेल. मुलीला सावध करण्याआधीं मुलाला शिकवा कीं "नाहीं" म्हणजे नाहीं, आणि वचन म्हणजे वचन. मुलगे सुधारले नाहींत, तर मुलींना कितीही सांभाळलें तरी काम अर्धेंच राहील.

मुलींनो, आतां तुमच्याशीं दोन शब्द. कोणी आवडणें हा गुन्हा नाहीं. तुमच्या वयाला तें व्हायचेंच. फक्त घाई करणाऱ्याला थांबायला लावा. जो थांबत नाहीं त्याला तुम्ही नको आहांत, दुसरेंच कांहीं हवें आहे. स्वतःचें पुस्तक, स्वतःचा रोजगार आणि स्वतःच्या मैत्रिणी कोणासाठींही सोडूं नका. आणि चुकून पाय घसरलाच, तर आयुष्य संपलें असें समजूं नका. ज्यानें खड्डा खणला, लाज त्याला. तुम्ही फक्त हांक मारा. आई ऐकेल, आई न ऐकेल तर बाई ऐकतील, कोणीच ऐकलें नाहीं तर तो आंकडा फिरवा. विहिरीकडे मात्र पाहूं नका.

मायबापहो, घरीं जातांना एक काम करा. आज रात्रीं जेवणाच्या वेळीं मुलीला समोर बसवून, कांहीं घडलेलें नसतांनाच, एवढें सांगा कीं, "पोरी, तुझ्या हातून कांहींही होवो, कोणी कांहींही धमकी देवो, हें घर तुझें आहे आणि तूं आधीं आमच्याकडे यायचें." हें वाक्य संकट आल्यावर सांगून उपयोग नाहीं, तें आधीं सांगितलेलें असावें लागतें. एवढें झालें तर त्या लबाडाच्या हातांतला कागद कोराच राहील. इतकें बोलून आम्ही आपली रजा घेतों. सत्यमेव जयते.